मशीन कशाची वाट बघतेय? पीएलसी शिकणाऱ्या पोराला उत्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पोराचा प्रश्न आहे. आयटीआय इलेक्ट्रिशियन झाला, चिकोडीकडच्या एका साखर कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून दोन हंगाम काढले, मधल्या काळात पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा, तीन महिन्यांचा क्लासही केला. क्लासमध्ये ट्रॅफिक सिग्नल, लिफ्ट, टाकीचा पंप, सगळं लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या चित्रासारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, जमायचं. कारखान्यात मात्र मशीन थांबली आणि पॅनेल उघडलं की काहीच सुचत नाही. लॅपटॉपला कुणी हात लावू देत नाही. "काका, मग प्रोग्रॅमिंग शिकायचं कसं आणि फॉल्ट शोधायचा कसा?" असं त्याने विचारलंय.

काका म्हणालास, तेव्हा अरे-तुरेच करतो. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मेंटेनन्सला लागलो, पुढे कृष्णाकाठच्या कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशन बघितलं. एकूण चोवीस वर्षं पॅनेलसमोर गेली. तुझी जी अडचण आहे ती मी जवळजवळ प्रत्येक नव्या पोरात बघितली, आणि त्यात पोरांची चूक नसते. क्लासमधल्या बोर्डावर सगळ्या वायरी शाबूत असतात, बटण दाबलं की इनपुट येणारच. तिथे चुकला तर प्रोग्रॅम चुकतो. कारखान्यात नेमकं उलटं. काल रात्रीपर्यंत नीट चाललेला प्रोग्रॅम पहाटे आपोआप बदलत नाही. म्हणून चालू मशीन अचानक थांबली, तर बहुतेक वेळा दोष पीएलसीच्या बाहेर असतो: सेन्सर, वायर, टर्मिनल, सप्लाय, हवेचं प्रेशर. तिथपर्यंत पोचायला लॅपटॉप लागत नाही, मल्टिमीटर आणि ड्रॉइंग लागतं. हे दोन्ही तुझ्या हातात आहे.

पॅनेल उघडल्यावर पहिला प्रश्न "काय बिघडलं?" असा विचारू नकोस. "मशीन कशाची वाट बघतेय?" असं विचार. माझ्या फाउंड्रीतलं सँड प्लांटचं उदाहरण देतो. एकापुढे एक चार बेल्ट कन्व्हेयर, शेवटी वाळूचा हॉपर. चालू करताना शेवटचा बेल्ट आधी, मग त्याच्या मागचा, असं उलट्या क्रमाने चालू होतं. कारण पुढचा बेल्ट थांबलेला असताना मागचा सुरू झाला, तर वाळूचा ढीग सांध्यावरच पडतो. बंद करताना पहिला बेल्ट आधी, आणि बाकीचे वाळू संपेपर्यंत चालू. आता दुसरा बेल्ट चालू होत नसेल, तर तो तिसऱ्याच्या "मी फिरतोय" या सिग्नलची वाट बघत असतो. तो सिग्नल येतो तिसऱ्याच्या टेल पुलीजवळच्या झिरो स्पीड प्रॉक्सीकडून, म्हणजे बेल्ट फिरतोय की नाही हे न शिवता ओळखणाऱ्या सेन्सरकडून. म्हणजे तक्रार दुसऱ्या बेल्टची आणि घोडं पेंड खातंय तिसऱ्यापाशी. ज्याला प्रोसेस माहीत आहे तो थेट तिकडे चालू लागतो. ज्याला फक्त लॅडर माहीत आहे तो दुसऱ्या बेल्टची मोटर मेगर करत, म्हणजे तिचं इन्सुलेशन तपासत, बसतो.

तिसऱ्या बेल्टच्या प्रॉक्सीपाशी गेल्यावर काय करायचं ते सावकाश सांगतो, कारण सगळं कसब इथेच आहे. सिग्नलचा रस्ता मनात धर: सेन्सर, जंक्शन बॉक्स (वायरी जोडायचा मधला डबा), पॅनेलचं टर्मिनल, पीएलसीचं इनपुट कार्ड. या रस्त्याच्या साधारण मध्यावर पॅनेलचं टर्मिनल येतं, तिथे आधी मोज. मीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब त्याच सप्लायच्या शून्य व्होल्टवर ठेव, पॅनेलच्या पत्र्यावर किंवा अर्थवर नको. लाल प्रोब त्या इनपुटच्या टर्मिनलवर. चोवीस व्होल्ट मिळाले आणि कार्डावरचा दिवा पेटत नसेल, तर दोष कार्डाकडच्या बाजूला, बऱ्याचदा कार्डाचा कॉमन, म्हणजे अनेक इनपुटांची सामाईक वायर, ढिला असतो. अशा वेळी एकच नाही, त्या कॉमनवरचे आठही इनपुट एकदम मेलेले दिसतात. शून्य मिळालं तर दोष बाहेर, चल जंक्शन बॉक्सकडे.

आणि अकरा-बारा व्होल्ट मिळाले तर? ही तिसरी गोष्ट क्लासमध्ये कुणी सांगत नाही. चोवीस व्होल्टच्या नेहमीच्या डीसी इनपुटला पंधरा व्होल्टच्या वर "आहे" आणि पाचच्या खाली "नाही" एवढंच खात्रीने कळतं. मधल्या व्होल्टेजला कार्ड कधी हो म्हणतं, कधी नाही. असं अधलंमधलं व्होल्टेज दिसलं की मी मीटर खिशात घालून आधी जंक्शन बॉक्सचं झाकण काढतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात केबल आत शिरते तिथली ग्लँड नीट आवळलेली नसली की आत पाणी शिरतं, टर्मिनलवर हिरवा गंज चढतो आणि एका वायरीतून दुसरीत गळती सुरू होते. साखर कारखान्यात भर उंदरांची. गोडाच्या वासाने येतात आणि केबल ट्रेमध्ये घर करतात.

सेन्सर बदलायची वेळ आली तर एक लक्षात ठेव. तीन वायरींच्या प्रॉक्सीत ब्राउन प्लस, निळी मायनस, काळी सिग्नलची, हे दोन्ही जातींत सारखंच असतं. पण पीएनपीच्या (सिग्नलवर प्लस देणाऱ्या) जागी स्टोअरने एनपीएन (मायनस देणारा) दिला, तर सेन्सरवरचा दिवा छान लुकलुकतो आणि पीएलसीला काहीच कळत नाही. नव्या सेन्सरवर दोन तास घालवणारे अनुभवी लोक मी बघितलेत. लेबल वाचूनच बसव.

आणखी एक, आणि हे जिवाचं आहे. प्रॉक्सीसमोर स्क्रू-ड्रायव्हर धरून "सेन्सर चालतोय का" बघायची सवय सगळ्यांना असते. मशीन ऑटोमध्ये असताना तो स्क्रू-ड्रायव्हर म्हणजे पीएलसीसाठी "माल आला" असा निरोप. सिलिंडर पुढे येणार, बेल्ट फिरणार. पीएलसीला तुझा हात दिसत नाही. आधी मोटरचा आयसोलेटर बंद करून कुलूप लाव, किल्ली स्वतःच्या खिशात ठेव, हवेची लाइन बंद करून उरलेलं प्रेशर सोड, आणि मगच सेन्सर तपास.

आउटपुटच्या बाजूला हाच रस्ता उलटा. आउटपुटचा दिवा पेटलाय पण मोटर नाही: मग पीएलसीने त्याचं काम केलंय. पुढे रिले, कॉन्टॅक्टरची कॉइल, ओव्हरलोड रिले, एमसीबी, एकेक बघत जा. दिवाच पेटला नाही, तर प्रोग्रॅम कशाची तरी वाट बघतोय, आणि वाट कशाची ते इनपुटच्या दिव्यांवरून ताडता येतं. त्यासाठी कुठला दिवा कुठल्या वस्तूचा हे पाठ हवं.

आता लॅडरकडे येतो. ही भाषा तुझ्यासारख्या इलेक्ट्रिशियनसाठीच बनली. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सला गाड्यांचं मॉडेल बदललं की शेकडो रिलेंची पॅनेलं तोडून पुन्हा वायरिंग करावं लागायचं. त्यावर डिक मोर्ली आणि त्यांच्या सोबत्यांनी मॉडिकॉन ०८४ हा कंट्रोलर बनवला. वायरमनला वाचता यावं म्हणून त्याचा प्रोग्रॅम रिलेच्या ड्रॉइंगसारखाच दिसायचा. म्हणून तुला स्टार-डेल्टाचं ड्रॉइंग वाचता येत असेल तर लॅडर निम्मी येतेच.

उरलेली निम्मी कुठे अडते तेही माहीत आहे: स्टॉप बटणापाशी. रिलेच्या ड्रॉइंगमध्ये स्टॉप एनसी, म्हणजे दाबला नाही तोवर जोडलेला, असतो (एनओ याच्या उलट), म्हणून पोरं लॅडरमध्येही एनसी काढतात आणि मोटर चालूच होत नाही. असं का होतं ते एकदा वहीत काढून बघ. पॅनेलवरचं स्टॉप बटण खरोखर एनसीच जोडलंय. कुणी दाबलेलं नसताना त्यातून चोवीस व्होल्ट येतात, इनपुटचा दिवा पेटलेला असतो, म्हणजे पीएलसीच्या आत त्या इनपुटची एक-शून्याची नोंद, तिचा बिट, एक. लॅडरमधला एनओ कॉन्टॅक्ट विचारतो, "बिट एक आहे का?" आहे, म्हणून रस्ता मोकळा. एनसी काढलास तर तो विचारतो, "बिट शून्य आहे का?" नाही, म्हणून रस्ता बंद. लॅडरमधलं चिन्ह बटणाचं चित्र नाही, ते बिटाला विचारलेला प्रश्न आहे. बाहेर एनसीच का जोडायचं? वायर तुटली, टर्मिनल सुटलं, उंदराने केबल खाल्ली, तर बिट आपोआप शून्य होतो आणि मोटर थांबते. एनओ जोडलं असतं, तर तुटलेल्या वायरीचा पत्ता ज्या दिवशी जीव वाचवायला बटण दाबशील त्या दिवशीच लागला असता. इमर्जन्सी स्टॉप तर नुसत्या प्रोग्रॅमवर कधीच सोडू नकोस. तो सेफ्टी रिलेतून थेट कॉन्टॅक्टरचा सप्लाय तोडणारा हवा, पीएलसीला फक्त खबर द्यायची.

दुसरी अडणारी जागा स्कॅनची. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचून ठेवतो, मग प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालवतो, मग आउटपुट लिहितो, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका फेरीला काही मिलिसेकंदांपासून (सेकंदाचा हजारावा भाग) काही दशक मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. यातून दोन गोष्टी निघतात. एकच आउटपुट कॉइल प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणी लिहिली, तर शेवटची ओळ जिंकते, आणि वरची ओळ खरी असूनही दिवा पेटत नाही. नव्या प्रोग्रॅमरांच्या कामात ही चूक मला हमखास सापडते. दुसरं म्हणजे फेरीपेक्षा बारीक पल्स, म्हणजे क्षणभराचा सिग्नल, हुकतो. फिरत्या शाफ्टचे पल्स मोजायला हायस्पीड काउंटरचा इनपुट वेगळा ठेवलेला असतो तो यासाठीच.

स्कॅन समजल्याने काय साधतं, ते एका रात्रीच्या गोष्टीवरून सांगतो. एका कारखान्यात जानेवारीत, गाळप जोरात असताना, केन कॅरियर (ऊस पुढे नेणारा पट्टा) रात्रीत दोन-तीनदा अचानक थांबायचा. ऑपरेटर वॉकीटॉकीवर ओरडायचा, "सर, चालू आगवल्दु!" म्हणजे चालू होत नाहीये. आम्ही धावत जाईपर्यंत रिसेट करून गाडं चालू झालेलं असायचं. स्क्रीनवर सात अलार्म, सातही एकाच सेकंदाचे: रबर बेल्ट, फायब्रायझर (ऊस कुटणारं मशीन), लेव्हलर (उसाचा थर सपाट करणारा), कॅरियरचा ड्राइव्ह, सगळे. पीएलसी खराब झालाय असं ठरलं, इनपुट कार्ड बदललं, तरी तेच. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग हलत नव्हती आणि ट्रॉलीवर झोपलेली माणसं उठून गेटावर यायची. त्यांच्यापुढे उभं राहणं जड जायचं.

सात जण पडले, पण पहिला कोण पडला? हे डोळ्यांना दिसणार नव्हतं, कारण एक पडला की इंटरलॉकने, म्हणजे "तो चालू असेल तरच हा चालेल" अशा अटीने, बाकीचे पुढच्या एक-दोन फेऱ्यांत पडतात. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये सापळा लावला. प्रत्येक इंटरलॉकसाठी एक ओळ: हा इंटरलॉक गेला आणि "पहिला सापडला" हा बिट अजून शून्य आहे, तर याचा बिट सेट कर. सगळ्या ओळी संपल्यावर शेवटी एक ओळ: यांतला कुठलाही सेट झाला तर "पहिला सापडला" सेट कर. रिसेट बटणाने सगळे पुसायचे. ती शेवटची ओळ मुद्दाम शेवटी ठेवली. मध्ये ठेवली असती, तर एकाच फेरीत दोन सिग्नल गेले तरी एकच नाव दिसू शकलं असतं. शेवटी ठेवल्यामुळे दोन्ही दिसतात, आणि दोन एकदम गेले तर दोघांचा सप्लाय किंवा केबल एकच आहे का, हे तपासायला वाट मिळते.

पहाटे तीनला सापळ्यात एकच नाव अडकलं: फायब्रायझरनंतरच्या रबर बेल्टची पुल-कॉर्ड. बेल्टच्या कडेने दोरी असते, कुणी ओढली की बेल्ट थांबतो. दोरी कुणी ओढली नव्हती. दोरीला जोडलेला एकेक स्विच उघडत गेलो. चौथ्या स्विचच्या जंक्शन बॉक्समध्ये एक फेरूल (वायरीच्या टोकावर दाबायची धातूची नळी) वायरीच्या इन्सुलेशनसकट दाबलेला होता, तांब्याची दोन-तीन तारं कशीबशी टेकत होती. मीटरवर कंटिन्युइटी बरोबर दाखवायची. बोटाने हलकं ओढल्यावर वायर हातात आली. बेल्टच्या हादऱ्याने ती क्षणभर सुटायची आणि परत टेकायची. नवा फेरूल दाबला, त्यानंतर त्या हंगामात कॅरियर त्या कारणाने थांबला नाही. तेव्हापासून मी बनवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये हा सापळा पहिल्या दिवसापासून असतो, आणि अलार्मचा मजकूर कन्नड आणि मराठी दोन्हींत. रात्रपाळीचा ऑपरेटर ज्या भाषेत वाचतो त्यात लिहिलं, तर तो फोनवर नेमकं नाव सांगतो.

लॅपटॉप हातात आला की फोर्स करायचा, म्हणजे खरा सिग्नल काहीही असला तरी पीएलसीला हवा तो बिट दाखवायचा, मोह होईल. सुरुवातीच्या वर्षांत मी एका टाकीचा हाय लेव्हल स्विच फोर्स करून पंप चालू ठेवला, पाळी बदलताना पुढच्या माणसाला सांगायचं राहिलं. टाकी भरून गरम रस खालच्या प्लॅटफॉर्मवर सांडला. तिथे त्या वेळी कुणी नव्हतं. आठवलं की आजही अंगावर काटा येतो. फोर्स केलास तर वहीत वेळ आणि नाव लिही, पॅनेलच्या दारावर कागद चिकटव, आणि काढल्याशिवाय घरी जाऊ नकोस.

ॲनालॉगचं, म्हणजे नुसतं हो-नाही न सांगता मोजमाप सांगणाऱ्या सिग्नलचं, थोडक्यात. पाच मीटरच्या टाकीचा ट्रान्समीटर चार मिलिॲम्पला शून्य आणि वीसला पाच मीटर सांगतो, म्हणजे बारा मिलिॲम्पला अडीच. सुरुवात चारपासून करण्याचं कारण वायर तुटली की शून्य मिलिॲम्प येतो आणि "टाकी रिकामी" व "वायर तुटली" यांतला फरक कळतो. सीमेन्सच्या एस-७ मालिकेत हे चार ते वीस म्हणजे कार्डावर ० ते २७६४८, त्यामुळे अर्ध्या टाकीला १३८२४ दिसायला हवं. आकडा उड्या मारत असेल तर आधी ती केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून गेलीय का आणि तिच्या शील्डचं अर्थिंग झालंय का ते बघ.

प्रोग्रॅमिंग घरी शिकायला पैसे घालवायची गरज नाही. डेल्टाचं डब्ल्यूपीएलसॉफ्ट फुकट आहे, त्यात सिम्युलेटर आहे. श्नायडरचं मशीन एक्स्पर्ट बेसिक आणि कोडेसिसही फुकट मिळतात. ब्रँडवरून डोकं लढवू नकोस. पीएलसीच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांचं आयईसी ६११३१-३ हे मानक १९९३ पासून आहे, त्यामुळे एकावर नीट शिकलास की दुसऱ्यावर काही आठवड्यांत हात बसतो. बेळगावच्या जीटीटीसीसारख्या सरकारी संस्थेत चौकशी कर, पण क्लास कुठलाही लावलास तरी खऱ्या वायरिंगवर फॉल्ट टाकून शोधायला लावतात का, एवढं विचारून घे.

ट्रॅफिक सिग्नल पुन्हा करू नकोस, तुझ्या कारखान्यातलं बॅच सेंट्रिफ्यूगल, म्हणजे गरगर फिरवून साखर वेगळी करणारं मशीन, कर. त्यात येणारा मसाक्विट म्हणजे साखरेचे दाणे असलेला घट्ट रस. आधी कागदावर, आपल्या मराठीत, वाक्यं लिही. "भरणीच्या वेगावर आलं की फीड गेट उघड. मसाक्विट ठरलेल्या जाडीपर्यंत आला की गेट बंद. गेट बंद झाल्याचा स्विच आला तरच वेग वाढव. पूर्ण वेगावर पाण्याने धुवायचं इतके सेकंद. मग वेग उतरव, नांगर आत घाल, साखर पाड. नांगर पूर्ण बाहेर आल्याशिवाय पुन्हा वेग नाही." प्रत्येक वाक्याला विचार: पुढे जायला काय लागतं, आणि ते आलंच नाही तर किती वेळ थांबून काय करायचं? ही उत्तरं पॅनवाल्या (रस आटवून दाणे बनवणाऱ्या) आणि सेंट्रिफ्यूगलच्या जुन्या माणसांकडून घे, ती कुठल्या मॅन्युअलमध्ये नसतात. मग प्रत्येक वाक्याला एक पायरी-क्रमांक दे आणि लॅडर त्या क्रमांकावर चालव. सेट-रिसेटची खिचडी केलीस तर तीन महिन्यांनी तुलाच कळणार नाही. पायऱ्या ठेवल्यास तर मशीन थांबल्यावर स्क्रीनवर "पायरी ४" दिसतं आणि ती कशाची वाट बघतेय ते तिथेच कळतं.

लॅपटॉप न देणाऱ्या साहेबांवर रागवू नकोस. चालू कारखान्यात अनोळखी हातात लॅपटॉप मीही देत नाही. विश्वास बंद हंगामात मिळवायचा असतो. गाळप संपलं की पॅनेलं साफ करणं, टर्मिनल आवळणं, वायरींवर ओळखीचे नंबर घालणं ही कामं मागून घे. एक काम तर आपणहून सांग: जुन्या पीएलसींत प्रोग्रॅम बॅटरीवर टिकतो. हंगामानंतर पॅनेलचा सप्लाय महिनोन्महिने बंद राहतो, बॅटरी संपते, आणि दिवाळीच्या सुमारास ट्रायलला स्विच टाकला की आत प्रोग्रॅमच नसतो. बॅटरी सप्लाय चालू असतानाच बदलायची आणि त्याआधी बॅकअप घ्यायचा. हे वेळेवर सुचवणाऱ्या पोराला साहेब लॅपटॉपजवळ बसवून घेतात.

तोवर वही सुरू कर. केन कॅरियरच्या पॅनेलपासून लाग. एका पानावर एक इनपुट: पत्ता, टर्मिनल नंबर, जंक्शन बॉक्स कुठे आहे, वस्तू कुठली, निरोगी असताना दिवा पेटलेला की विझलेला, आणि तो गेला तर काय काय थांबतं. वायर जागेवर जाऊन डोळ्यांनी बघ, ड्रॉइंगवर भिस्त ठेवू नकोस, मधल्या काळात कुणीतरी बदललेली असते. पहिली वीस पानं झाली की फोटो काढून पाठव, मी तपासून देतो.